अकरा दात्यांचा मासा

बरणीमामांना कुणी कामाबद्दल विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मेलेल्यांना पाजतो." समोरच्याचा चेहरा पडला की मामा खूश. मग म्हणायचे, "घाबरू नका हो, मासे आहेत."

काम तसं खरंच तेवढंच होतं. संस्थेच्या तळमजल्यावर जिन्यामागे एक लांबट खोली. खिडक्यांच्या काचा अर्ध्या रंगवलेल्या, ऊन नको म्हणून. लोखंडी मांडण्यांवर हजारावर बरण्या. प्रत्येक बरणीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये मासा, आणि माशाच्या शेपटीला दोऱ्याने बांधलेली जाड कागदाची चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कुणाला. आता स्पिरिट काही गप्प बसणारी वस्तू नव्हे. बूच कितीही घट्ट लावा, महिन्याकाठी बोटभर उडतंच. म्हणून मामा रोज थोड्या थोड्या बरण्या उतरवायचे, भर घालायचे, काचेच्या बुचाला कडेने व्हॅसलीन लावायचे आणि पीळ देऊन बसवायचे. शेवटच्या मांडणीपर्यंत पोचेस्तोवर पहिली पुन्हा तहानलेली. एकोणचाळीस वर्षं हेच. अंगाला असा वास बसला होता की बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसे. मामी म्हणत, "लोकांना वाटतं तुम्ही पिऊन येता. प्यायला असतात तर निदान चार शब्द तरी बोलला असतात."

त्या हजार बरण्यांत लाल फीत बांधलेली बरणी एकच, दोनशे सात नंबरची. लाल फीत म्हणजे मूळ मासा. एखादी नवी जात सापडली की तिला ज्या एका माशावरून नाव देतात, तो मासा जपून ठेवायचा, आणि पुढे कुणाला शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. दोनशे सातमधला मासा करंगळीएवढा. मिशीवाला, चपट्या डोक्याचा, डोंगरातल्या ओढ्यात दगडाखाली दडून बसणारा. खायला तोंडभरसुद्धा नाही. पण मोठ्या सरांनी साऱ्या जन्मात शोधलेली नवी जात ती एवढीच.

मोठे सर म्हणजे संस्थेचे जुने प्रमुख. चाळिशीत गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभे असताना त्यांना तो मासा मिळाला. एकच. पुढे चार वेळा तिथे गेले, पुन्हा दिसला नाही. त्याच्या छातीजवळच्या काट्याला आतून बारीक दाते होते, करवतीसारखे. सरांनी भिंगाखाली तीन दिवस ते मोजले: अकरा. त्या कुळातल्या इतर कुठल्याच माशाला आठाच्या वर दाते नव्हते. त्याच साली सरांची बायको वारली. सरांनी माशाला तिचं नाव दिलं. छापील पुस्तकात आलं ते नाव. मामांना इंग्रजी धड वाचता येत नसे, पण तेवढी एक ओळ ते बोट ठेवून वाचून दाखवायचे.

तर पावसाळा संपता संपता एक संशोधक मुलगी त्या खोलीत आली. दूरच्या विद्यापीठातली. पाठीवर पिशवी, वागायला साधी, आल्या आल्या "मामा, चहा घेणार का?" म्हणून स्वतःच घेऊन आली. त्या कुळातले सगळे लहान मिशीवाले मासे ती नव्याने तपासत होती. म्हणाली, "दोनशे सात बघायचा होता."

मामांनी बरणी उतरवली, बूच फिरवलं, चिमट्याने मासा उचलून ट्रेमध्ये ठेवला. इतक्या वर्षांत बरेच पाहुणे येऊन गेले होते, पण ते मासा बघत, चिठ्ठी बघत आणि मान डोलवत. दाते मोजत बसण्याइतका वेळ कुणाला होता? हिच्याकडे होता. तिने एकदा मोजले, दोनदा मोजले, मग सरांनी काढलेलं जुनं चित्र शेजारी ठेवून तिसऱ्यांदा मोजले.

"मामा, हे सातच आहेत हो."

मामांनी चिमटा पुसून ठेवला.

"आणि पाठीवरचा मागचा पर चित्रात केवढा लांब दाखवलाय. याचा तर आखूड आहे. हा साधा बाजारात मिळतो तो शिंगटीचा प्रकार दिसतोय." तिने भिंग खाली ठेवलं आणि सरळ मामांकडे बघितलं. वाईट हेतूने नाही हं, विचारायला हवं म्हणूनच विचारलं. "हा मासा कधी बदलला गेला होता का? बरणी फुटली, चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या, असं काही?"

नेमके तेव्हाच मोठे सर दारात उभे होते. बुधवार होता, आणि दर बुधवारी सर काठी टेकत येत, तासभर बसत. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, एका डोळ्याने अंधूक दिसायचं, पण कान तिखट. ते दारातूनच हसले. "बाई गं, हे तू कुणाला विचारतेयस? याच्या हातून मासा इकडचा तिकडे? याला बरणीला धक्का लागला तर जेवण जात नाही."

मुलगी तरी मामांकडेच बघत होती. "मामा?"

"नाही," मामा म्हणाले. "असं काही झालं नाही."

झालं. एवढंच बोलले. आता त्यांना खोटारडं म्हणायचं तर म्हणा, मी अडवणार नाही, पण त्या क्षणी सर तसे हसत उभे नसते, तर कदाचित जीभ दुसरीकडे वळली असती.

कारण झालं होतं. सदतीस वर्षांपूर्वी झालं होतं.

मामांचं तेव्हा नवं लग्न. बायकोला आपलं काम दाखवायची हौस. एका रविवारी किल्ली होती म्हणून मामीला खोलीत घेऊन आले आणि थेट दोनशे सातपुढे उभं केलं. बरणीच्या काचेवर उजेडाची तिरीप, मामीला काही नीट दिसेना. ती म्हणाली, "एवढ्याशा किड्यासाठी एवढा डोलारा?" झालं, मामांचा अहंकार दुखावला. त्यांनी बूच काढलं, मासा तळहातावर घेतला, काटा दाखवला, मिशा दाखवल्या. मामीने नाकाला पदर लावून का होईना, कौतुक केलं. मासा परत आत गेला, बूच बसलं, आणि बोलण्याच्या नादात व्हॅसलीन लावायचं राहिलं.

दुसऱ्याच दिवशी गावाकडून सासऱ्यांच्या आजारपणाचा निरोप आला. मामा दीड महिना रजेवर. ऐन उन्हाळा. परत आले तर दोनशे सातची बरणी कोरडी ठणठणीत, आणि तळाला चिकटलेली एक काळपट काडी.

इथे कुणीही शहाणा माणूस सरांकडे धावत गेला असता. वाळलेल्या माशाचं काय करायचं ते सरांना ठाऊक होतं, त्यातूनही काट्याचे दाते मोजण्यासारखे राहिले असते. पण मामा जेमतेम बाविशीचे, नोकरी कच्ची, आणि त्याच शुक्रवारी तो मासा बघायला परदेशातले तीन पाहुणे यायचे होते. मामांनी डोकं चालवलं. आपल्या घरी वाळवलेली वस्तू मऊ करायची तर काय करतात? कोमट पाण्यात भिजत घालतात. त्यांनी मासा कोमट पाण्यात भिजत घातला. संध्याकाळपर्यंत वाडग्यात गढूळ पाणी, थोडा लगदा आणि वर तरंगणारी चिठ्ठी. काटासुद्धा बोटात घेताच मोडला. मामांनी ते सगळं मोरीत ओतलं आणि मोरीवर पाण्याची बादली रिकामी केली.

सकाळी मासळीबाजारातून तेवढाच एक मिशीवाला निवडून आणला. कोळीण म्हणाली, "एकच? मांजराला काय?" दोन दिवस तो सडू नये म्हणून औषधात टाकला, मग स्पिरिटमध्ये, आणि जुनी चिठ्ठी त्याच दोऱ्याने त्याच्या शेपटीला बांधली. स्पिरिटमध्ये सगळ्या माशांचा रंग सारखाच होतो, पावाच्या कडेसारखा. शुक्रवारी पाहुणे आले, बघून गेले. सरांनी बरणी हातात धरून फोटो काढला. सरांनी स्वतः पुन्हा कधी तो मासा बाहेर काढला नाही. त्यांना बघवत नसे. बायकोचं नाव होतं ना त्याला.

आणि मामा? मामा त्या दिवसापासून वेगळेच झाले. चिठ्ठीला हात लावायचा तर आधी विचारा, बूच उघडायचं तर माझ्यासमोर, पाण्याचा थेंब या खोलीत दिसता कामा नये. शिकायला आलेली पोरं त्यांना "स्पिरिटचा फौजदार" म्हणत. अख्ख्या देशात असा काटेकोर माणूस नाही, असं सर चारचौघांत सांगत, आणि प्रत्येक वेळी मामा पाठ फिरवून एखादं बूच पुन्हा पिळायला घ्यायचे. सदतीस वर्षांत माणूस कशालाही सरावतो.

मुलीने काही घाई केली नाही. चिठ्ठीवर लिहिलेला ओढा ती शोधून आली. तिथे आता दगडाची खाण होती आणि ओढ्याच्या जागी राडा. मग ती सरांच्या घरी गेली आणि जे दिसलं ते त्यांना नीट सांगितलं. मासा साधा आहे. चित्र त्याच्याशी जुळत नाही. मासा बदललेला नसेल, तर चित्र चुकलंय एवढाच अर्थ निघतो. "म्हणजे ती जात पुस्तकातून काढावी लागेल, सर. पण तुम्ही हरकत घेतलीत तर मी थांबेन. मला घाई नाही."

पुढच्या बुधवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या बुधवारी मामा त्यांच्या घरी गेले. सूनबाईंनी दार उघडलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्हीच समजवा आता. जेवत नाहीत धड. दिवसभर कंगवा घेऊन बसतात."

सर खिडकीशी बसले होते. मांडीवर कंगवा, हातात भिंग. ते कंगव्याचे दाते मोजत होते. मोजून झालं की आकडा कागदावर लिहायचा आणि मग नातीला हाक मारून तिच्याकडून मोजून घ्यायचा. कागदावर दोन रांगा होत्या. कुठे जुळत होत्या, बऱ्याच ठिकाणी नव्हत्या.

"ये मामा, बैस," सर म्हणाले. "बघ, बावन्नचे मी एकोणपन्नास मोजले. आता डोळे गेलेत हे मान्य. पण तेव्हा? तेव्हा तर चांगले होते ना रे?"

"चांगलेच होते, सर."

"मग अकरा कुठून आले?" त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "मी रात्रंदिवस आठवतोय. ती नुकतीच गेली होती. घरात पाय ठेववत नव्हता. मी त्या खोलीतच बसून असायचो. मला तिच्या नावाचा मासा हवा होता, मामा. म्हणून मला अकरा दिसले. नव्हतेच ते. मी तिच्यासाठी मासा बनवला आणि चाळीस वर्षं जगाला फसवलं."

असं बोलून तो म्हातारा माणूस रडला. आवाज न करता. मामांनी त्यांना बायको गेली तेव्हासुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

मामा घरी आले ते चपला न काढताच पलंगावर बसले. मामीने एका नजरेत ओळखलं. सदतीस वर्षं ती गोष्ट त्या दोघांतच होती, आणि मामी कधी टोचून बोलली नव्हती. ही बाई भाजी करपली तरी आठवडाभर बोलते, पण यावर एक शब्द नाही.

"सरांना वाटतंय, त्यांनी बनवाबनवी केली," मामा म्हणाले.

मामी हातातलं काम टाकून समोर येऊन बसली. "मग आता तोंड उघडा."

"सात महिन्यांनी निवृत्त होतोय मी. सगळे काय म्हणतील?"

"म्हणू देत की. तुमच्या तोंडावर म्हणतील, तुम्ही ऐकून घ्याल. त्या बिचाऱ्याला कोण काय म्हणतंय? तो आपला आपल्यालाच खातोय." मग जरा थांबून म्हणाली, "मी येऊ का बरोबर? मासा माझ्यापायीच बाहेर काढलात."

"नको," मामा म्हणाले. "माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. सूनबाई नातीला आणायला शाळेत निघाल्या होत्या. घरात दोघंच. मामा खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. एक गोष्ट लपवली नाही. रविवार, मामी, तळहात, व्हॅसलीन, सासऱ्यांचं आजारपण, कोरडी बरणी, कोमट पाणी, मोरी, कोळीण, दोरा. "तुमचे अकरा बरोबर होते, सर. मी ते दाते बघितलेत. माझ्या हातात मोडले ते. चोर मी आहे."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं, एक क्षणभर तर माणूस दहा वर्षांनी तरुण दिसला. मामांना वाटलं, सुटलो. आता दोन शिव्या बसतील आणि सुटलो.

पण सर हसले. मान हलवून, फार मायेने हसले.

"किती जीव लावतोस रे," ते म्हणाले. "काल मी रडलो, ते तुला बघवलं नाही. म्हणून रात्रभर बसून हे जुळवलंस होय?"

"सर, आईशपथ सांगतो..."

"आईला कशाला मध्ये आणतोस? अरे, गोष्ट रचायची तर आपल्याला शोभेल अशी तरी रचावी. पाण्यात मासा भिजवला म्हणे! तू? एका पोराचे हात ओले होते म्हणून त्याला खोलीबाहेर उभं करणारा तू?"

"त्यानंतरच तसा झालो, सर. त्याच्यामुळेच!"

"बरं. मासा कुठाय?"

"मोरीत ओतला."

"बघ. दाखवायला काही नाही."

"आमच्या हिला विचारा. हिने बघितलाय तो मासा, हातभर अंतरावरून."

"ती माउली तुझ्याविरुद्ध बोलेल?" सर म्हणाले, आणि मग हसू मावळलं. "मामा, खरं असतं ना, तर मी तुझे पाय धरले असते. एक मासा गेला तर गेला. पण मी खोटा नव्हतो एवढं तरी कळलं असतं. तू एकोणचाळीस वर्षं मला बघतोयस. हे मला इतकं हवंय, आणि तू ते अगदी ताटात वाढून आणलंस. एकदा असंच हवं ते मला दिसलं होतं. आता पुन्हा नाही."

मामांनी हात जोडले, डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणाले, आत्ता उठतो आणि त्या मुलीला जाऊन सांगतो. तेव्हा मात्र सरांचा आवाज चढला, जुन्या दिवसांसारखा.

"खबरदार! ती लिहिणारी आहे, लिहून मोकळी होईल. तुझं नाव छापून येईल चोर म्हणून. माझ्या चुकीपायी तुझ्या उतारवयाला डाग? माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. तिच्यापुढे हा शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मामा उभेच राहिले. चोराला चोरी कबूल करायला परवानगी नाही, असा प्रसंग कुणावर आला असेल? सरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला.

"सूनबाईंनी काल लिहून घेतलाय. मला वाचता येत नाही. काही राहिलंय का ते बघ. वाच मोठ्याने."

"मला नका सांगू, सर."

"मग कुणाला सांगू? वाच."

मामांनी वाचलं. मराठीतच होतं, मुलगी त्याचं इंग्रजी करून घेणार होती. अमुक साली मी नोंदवलेली जात अस्तित्वात नाही. दात्यांची मोजणी आणि चित्र यांतली चूक सर्वस्वी माझी आहे. त्या काळी माझी मनःस्थिती ठीक नव्हती, परंतु ती सबब होऊ शकत नाही. ते नाव रद्द करावे, माझी हरकत नाही. इथवर मामा कसेबसे आले. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली आणि थांबले.

"का थांबलास? अजून एक वाक्य आहे. ते मी मुद्दाम घालायला लावलंय."

मामांना वाचावं लागलं. "संग्रहाच्या व्यवस्थेत कोणताही दोष नाही. तेथील मदतनीस गेली एकोणचाळीस वर्षे प्रत्येक नमुना प्रामाणिकपणे सांभाळत आले आहेत, आणि याबद्दल मी स्वतः ग्वाही देतो."

"बरोबर आहे ना?" सरांनी विचारलं.

मामांनी कागद टेबलावर ठेवला. सरांनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ घेतला आणि चाचपडत पेन उचललं. टोपण काढलं, कागदावर वाकले, पण त्यांना ओळी दिसत नव्हत्या. पेनाचं टोक कागदाच्या वर नुसतं फिरत राहिलं.

"सही कुठे करायची? बोट ठेव जरा."

मामा हलले नाहीत. बाहेर फाटक वाजलं, सूनबाई नातीला घेऊन आल्या होत्या.

"ठेव ना रे. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

मामांनी कागदावर बोट ठेवलं. सरांनी त्यांचं बोट चाचपून बघितलं, आणि त्याच्या शेजारी सही केली.